दुसरा जामीन

"आज नको, वैनी. राहुकाळ आहे."

"सोमवारचा राहुकाळ नवास संपतो. साडेनऊ जाले."

"चष्मा नाही मजजवळ."

"कपाळावर आहे."

चंद्रमौलीने कपाळ चाचपलं. होता. तो डोळ्यांवर ओढून त्याने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, उजेडाला धरला, जणू आतून काहीतरी लपवलेलं दिसणार होतं.

"वाचावें लागेल. जामीन राहणें म्हणजे खेळ आहे कीं?"

"पंधरा दिवस वाचितां आहां, भावजी."

पंकजा त्याच्या तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, पाय खाली सोडून बसली होती. या घराण्याची आपसातली बोली तंजावरची जुनी मराठी; बाहेर तमिळ. ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्याचं पेन वाळलं होतं. दुसऱ्या खेपेला त्याला स्वामीमलैची बस गाठायची होती. बस तासभर आली नाही, तो तासभर फाट्यावर उभा राहिला, पण घरी येऊन दोन अक्षरं काढायला त्याला वेळ झाला नाही. दीर धाकटा असला तरी सुंदरपेरुमाळ कोयिल या गावच्या शेतकरी संघाचा अध्यक्ष. अध्यक्षाला घाई करायची नसते.

सुब्बलक्ष्मी, त्याची बायको, आतून कॉफी घेऊन आली, दोघांपुढे ठेवली, कागदाकडे एकदा बघितलं आणि आत गेली.

कागद असा होता: छावणीबाहेर राहण्याच्या परवानगीचा अर्ज, यंदापासून सक्तीचा. जामीन दोन, दोघेही याच गावचे, दोघांच्याही नावावर शेताचा पट्टा, म्हणजे मालकीचा उतारा. पहिल्या ओळीवर पंकजाची सही. दुसरी ओळ कोरी. ती एकतीस तारखेच्या आत भरली नाही, तर पंकजाकडे राहणाऱ्या भारतीने सामान बांधून समुद्राकाठच्या निर्वासित छावणीत परत जायचं. एकदा परत गेलेलं माणूस पुन्हा बाहेर कधी पडतं, हे छावणीवाल्यांनाही सांगता येत नव्हतं.

"ठेवून जा," चंद्रमौली म्हणाला. "गुरुवारीं पाहूं."

*

प्रश्न चौथा. पूर्वायुष्य, थोडक्यात. (छापील ओळी दोन.)

भारती लढली होती.

असं एकदम म्हटलं की ऐकणारे ताठ बसतात आणि पुढचं काही त्यांच्या कानात शिरत नाही. म्हणून पुन्हा, नीट. लंकेत, वन्नीच्या बाजूला, भारतीच्या बापाचं दोन एकर भात होतं. युद्धाच्या शेवटच्या वर्षी लढणाऱ्यांनी घरटी एक मूल मागितलं. थोरला भाऊ दम्याचा होता. भारती पंधराची होती आणि तिला धावता येत होतं. तेव्हा तीच गेली. गेली म्हणजे नेली. तीन आठवडे शिकवलं, मग पाच महिने. त्या पाच महिन्यांबद्दल ती काही सांगत नाही. नंतर ती खाजणाच्या खारट पाण्यातून हात वर करून पलीकडे लष्कराकडे चालत आली. दीड वर्ष तारेच्या कुंपणाआड "सुधारली". घरी आली तर घर नव्हतं. पुढे बारा वर्षं दर आठवड्याला शिपाई येऊन विचारायचा: काल कुठे होतीस? शेवटी आईला घेऊन नावेत बसली आणि इकडे आली. आई छावणीतच वारली.

हे दोन ओळींत बसत नाही. पंकजाने त्या दोन ओळींवर लिहिलं होतं: "भातशेती येते. स्वभाव शांत."

*

प्रश्न सातवा. उपजीविका.

इथे खरी गंमत आहे, पण हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

लंकेतल्या सरकारने सुधारल्याबद्दल भारतीला शिवण शिकवलं आणि निघताना एक शिलाई मशीन दिलं. गावी परतल्यावर बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या एका संस्थेने दुसरं दिलं. इकडे छावणीत आल्यावर तिसरं. भारतीच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत, आणि उरलेल्यांतल्या एकाला सुई टोचलेली कळत नाही. हे तिने तिन्ही ठिकाणी सांगितलं. तिन्ही ठिकाणी "सवय होईल" म्हणाले आणि मशीनशेजारी उभं करून तिचा फोटो काढला. बाईमाणूस बंदूक खाली ठेवील तर पायाखाली मशीनच पाहिजे, हे कुणी ठरवलं कोण जाणे. समुद्राच्या दोन्ही बाजूंना ठरलं होतं एवढं खरं.

दोन वर्षांपूर्वी लावणीला माणसं मिळेनात तेव्हा एका मुकादमाने छावणीतून आठ बायका व्हॅनमध्ये घालून आणल्या. सात परत गेल्या. आठवी पंकजाच्या बांधावर उकिडवी बसून उंदरांची बिळं मोजत होती.

"अम्मा, बांबू आहे का?"

"कशाला गं?"

"तुमचं अर्धं भात यांच्या पोटात जाणारे."

कावेरीच्या या मातीत उंदीर धरायची जुनी रीत आहे, किट्टीची. बांबूची चीप वाकवून धनुष्य करायचं, दोरी ताणायची, तांदळाचे चार दाणे आमिषाला ठेवायचे. उंदराने मान घातली की धनुष्य मिटतं. एक किट्टी कुणीही लावील. शंभर लावायच्या, त्याही गुडघाभर चिखलात, उभं पीक न मोडता, आणि पहाटे धुक्यात एकही न चुकता परत गोळा करायच्या, याला माणूस लागतं. गावात एकच होता, म्हातारा वेंकटेश. त्याचे गुडघे गेले होते. त्याने भारतीला चार संध्याकाळी शिकवलं, आणि पाचव्या संध्याकाळी बांधावर बसून नुसता बघत राहिला.

"हिला खुणेची काठी लागत नाही," तो पंकजाला म्हणाला. "शंभरच्या शंभर डोक्यात. मला पन्नास वर्षांत जमलं नाही. कुठे शिकली?"

पंकजाला ठाऊक होतं कुठे शिकली. कसली चीज जमिनीत पुरून पावलं लक्षात ठेवायला शिकवलं होतं, तेही. तिने म्हाताऱ्याला पान दिलं आणि विषय बदलला.

आता साऱ्या शिवारात भारतीच्या किट्ट्या लागतात. सुगीला सगळे तिला भात घालतात, मापात खोट करत नाहीत. संध्याकाळ झाली की हाका येतात: भारती, आमच्याकडे आज; भारती, खालच्या वाफ्यात बघ. पण सहीचा कागद घेऊन पंकजा दारात उभी राहिली, की एकाचा पट्टा मेलेल्या बापाच्या नावावर निघतो, दुसऱ्याला मुलाला विचारायचं असतं, तिसऱ्याच्या पोरीचं लग्न ठरायचंय आणि पोलिसांच्या कागदावर नाव नको. एकाने तर तोंडावर सांगितलं, "बाई चांगली आहे हो. पण कागद वेगळा."

उरला चंद्रमौली. घरचा माणूस.

*

तपासणी.

अर्ज आला की चौकशीला अधिकारी येतो. शंकरनारायण नावाचे गृहस्थ कुंभकोणमहून दुचाकीवर आले, मार्गळीतल्या, म्हणजे ऐन डिसेंबरातल्या, सकाळी सातला. देवळाच्या भोंग्यावर स्तोत्रं चालली होती, दारोदारी रांगोळ्या ओल्या होत्या, आणि शेतावर धुकं असं बसलं होतं की पलीकडचे माड मध्येच सुरू झाल्यासारखे दिसत होते. साहेब भला माणूस. बूट काढून हातात घेतले, पँट दुमडली. चंद्रमौलीने इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि तो साहेबांच्या पुढे चालून बांध दाखवत होता. पंकजा मागे.

"बाई शेतातच काम करते ना?" साहेबांनी विचारलं.

"आमच्याच आधारावर आहे," चंद्रमौली म्हणाला. "या, इकडून या. ही वाट जवळची."

आणि धुक्यातून आवाज आला:

"थांबा! पाय खाली ठेवू नका!"

तिघे थांबले. साहेबांचा एक पाय वरच राहिला.

हा भारतीचा आवाज होता आणि नव्हता. भारती बोलते ती मांजराला बोलावल्यासारखं. दोन वर्षांत गावाने तिला मोठ्याने शिंकतानाही ऐकलं नव्हतं. हा आवाज पाठीच्या कण्यातून खाली उतरत होता.

"डावीकडे नाही. तुम्ही, धोतरवाले, हलू नका. माझी पावलं दिसतायत? त्यांवरच पाय द्या. एकेक जण. आता."

एकेक जण. आता. संघाचा अध्यक्ष धोतर वर धरून, जीभ दातांत धरून, बाईमाणसाच्या पावलात पाऊल टाकत आला. मागून बूट छातीशी धरलेले साहेब. बांधाच्या त्या अंगाला वीस किट्ट्या काढायच्या राहिल्या होत्या. पाय पडला असता तर बोट ठेचलं असतं, आणि किट्टी मोडली असती. एवढंच. पण चिखलातून पलीकडे निघेपर्यंत हे एवढंच आहे हे त्या दोघांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांचे चेहरे भातासारखे हिरवे झाले होते.

"उंदरांच्या आहेत," भारतीने किट्टी दाखवली. आवाज पुन्हा मांजराला बोलावल्यासारखा. "एक लावायला खूप वेळ जातो, साहेब."

साहेब हसले. खरंच हसले. मग त्यांनी रुमालाने मान पुसली.

"हा आवाज कुठे शिकलात, बाई?"

भारती वाकून पुढची किट्टी काढू लागली. आणि इथे पंकजाने घोटाळा केला. तिला वाटलं, हीच वेळ आहे चांगलं सांगायची. ती कौतुकाने म्हणाली, "साहेब, हिला लहानपणीच असं शिकवलंय ना, की जमिनीत काय कुठे ठेवलं ते हिच्या डोक्यातून जात नाही! शंभर ठेवू द्या, शंभर!"

धुक्यात माड टपटपत होते. भोंगाही नेमका तेव्हाच थांबला.

"पाहिलंत?" चंद्रमौली साहेबांना म्हणाला. धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल. "हुकूम! माझ्या गावात, माझ्याच बांधावर मला हुकूम! या बाईला मी जामीन राहणार नाही. लिहून घ्या."

"ते मी लिहीत नाही," साहेब थकून म्हणाले. "मी एवढंच लिहितो, दोन पट्टाधारक, एकतीस तारीख. दोन असले तर परवानगी, नसले तर नाही. माझ्या मताला त्यात रकाना नाही."

*

पंकजाचा संताप कुणावर होता? दिरावर, साहेबांवर, त्या दोन ओळींवर, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडावर. दिवसभर ती भांडी आपटत होती. संध्याकाळी तिने भारतीला सांगितलं, "त्याच्या शेतात आता पाय ठेवायचा नाही. एकही किट्टी नाही. कळलं?"

"ओम्," भारती म्हणाली. तिकडचे लोक 'हो'ला ओम् म्हणतात.

उंदरांना वाईट ठिकाण कळतं. चहूकडच्या शेतांत किट्ट्या आणि मधलं एक मोकळं, म्हटल्यावर साऱ्या शिवाराचे उंदीर चंद्रमौलीकडे जेवायला गेले. उंदीर कडेचं खात नाही, मधोमध बसतो. बांधावरून बघणाऱ्याला पीक भरलेलं, हिरवं, वाऱ्यावर हलणारं दिसतं, आणि आत ताटाएवढं, मग खोलीएवढं, मग घराएवढं भोक. आठव्या दिवशी चंद्रमौलीला वरून उडणारे बगळे मध्येच खाली बसताना दिसले. उभ्या पिकात बगळा बसत नाही.

दिवेलागणीला तो पंकजाच्या मागल्या दारी आला. पुढल्या नव्हे.

"वैनी. भारती आहे कीं?"

"सही आहे कीं?"

"दाणा दुधांत आहे, वैनी. चार दिवसांत कांहीं उरणार नाही."

"राहुकाळ पाहून या."

"थट्टा करूं नको."

"थट्टा? मी तीन वेळां तुमच्या तिण्णैवर बसलें, भावजी. चष्मा, पेन, बस! मज थट्टा येत नाही, तुम्हांस येते. आधीं कागद, मग किट्टी."

तो काहीतरी बोलणार होता. पण अंगणातून भारती निघाली. खांद्यावर किट्ट्यांचा भारा, कमरेला तांदळाची पिशवी. कुणाकडे न बघता बांधाच्या वाटेला लागली. त्याच्या बांधाच्या.

"भारती!"

ती थांबली नाही. पंकजा चपला न घालता मागे धावली आणि माडांपाशी तिला गाठलं.

"मूर्ख बाई! आता तो सही करणार होता! अजून थोडं ताणलं असतं तर..."

"दुधातला दाणा आहे, अम्मा."

"खाऊ दे! सगळं खाऊ दे! तुला परत पाठवतायत, कळतंय का तुला? तीन दिवस राहिलेत!"

"कळतंय."

"मग?"

भारतीने भारा दुसऱ्या खांद्यावर घेतला. "गेले तर जाईन. पण माझ्यामुळे कुणाचं शेत गेलं, असं मागे ठेवून जायचं नाही मला. तसलं माझ्या नावावर आधीच पुष्कळ आहे."

पंकजा जास्तच चिडली. चिखलातून घरी येताना तिला काटा टोचला, तो तिने शिव्या देत काढला.

*

सकाळी चंद्रमौलीच्या बांधावर एकसष्ट उंदीर रांगेने मांडले होते. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला, परत आला, आणि घरी जाऊन त्याने सही केली. चष्मा होता, पेन चाललं, राहुकाळ कुणी विचारला नाही. गाव दान दिल्यासारखा त्याने कागद पंकजापुढे धरला. "संघाचा अध्यक्ष जामीन राहिला म्हणून सांग साहेबांस."

पट्ट्याची नक्कल काढायला तोच कुंभकोणमला बरोबर आला. खिडकीतल्या मुलीने यंत्रातून कागद काढून दिला, तो त्याने न बघता साहेबांच्या टेबलावर ठेवला. तारीख तीस.

शंकरनारायणांनी नक्कल वाचली. अर्ज वाचला. पुन्हा नक्कल.

"हे शेत तुमचं नाही."

"माझं नाही? दोन एकर साठ सेंट. माझ्या बापाचं!"

"बापाचं असेल. पट्टा सुब्बलक्ष्मी यांच्या नावे आहे. चौदा वर्षं."

चंद्रमौलीचं तोंड उघडं राहिलं, आणि मग त्याला आठवत गेलं, हे पंकजाला त्याच्या वाकत गेलेल्या मानेवरून दिसलं. पंपाची सवलत. बाईच्या नावावर शेत असेल तर पंप अर्ध्या किमतीत. त्याने दाखवलं तिथे सुब्बलक्ष्मीने सही केली होती. पंप आला, पाणी आलं, कागद कपाटात गेला, आणि चौदा वर्षं शेत चंद्रमौलीचंच राहिलं, कारण त्याच्यासकट सगळ्या गावाला तसंच वाटत होतं.

"दुसरं काही आहे तुमच्या नावावर?"

चंद्रमौलीने बराच विचार केला.

"स्कूटर," तो म्हणाला.

साहेबांनी त्याच्या सहीवर रेघ मारली आणि नवा कागद पंकजाकडे सरकवला. "उद्या चार वाजेपर्यंत."

परतीच्या बसमध्ये पंकजा खिडकीशी बसली. पंधरा दिवस! चष्म्यासाठी थांबली, पेनासाठी थांबली, त्याच्या राहुकाळाचा हिशेब ठेवला, आणि ज्या सहीसाठी हे सगळं, ती सही कवडीची नव्हती. आणि ज्या हाताची पाहिजे होती, त्या हाताने तिन्ही वेळा तिच्यापुढे कॉफी ठेवली होती.

*

"सही कर," चंद्रमौली सोप्यातल्या खांबाला टेकून म्हणाला. "येथें. खालीं."

सुब्बलक्ष्मीने पदराला हात पुसले, कागद घेतला आणि जमिनीवर बसली. वाचू लागली.

"वाचतेस काय? मी वाचिलों आहे."

"तुम्ही पंधरा दिवस वाचिलांत. मज एक घटका द्या."

तिने पहिल्या ओळीपासून वाचलं. ओठ हलत होते. मध्ये नक्कल उचलून आपलं नाव बघितलं, खाली ठेवलं, परत उचललं. भाताचा वास येत होता, चुलीवर काहीतरी लागत होतं, तिने उठून बघितलं नाही.

"अक्का," ती पंकजाला म्हणाली, "ती कोठें आहे?"

"बाहेर. तिण्णैवर."

"आंत बोलाव."

भारती दोन वर्षांत या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. आता आली, आणि पाय ओले होते म्हणून कडेला उभी राहिली. सुब्बलक्ष्मीने तमिळमध्ये विचारलं:

"इथे लिहिलंय, तुझ्या हातून काही घडलं तर मी जबाबदार. मी तुला ओळखत नाही. तू माणूस मारलंयस का?"

"सुब्बा!" पंकजा म्हणाली.

"मी तिला पुसतें आहे, अक्का."

भारतीने नजर वर केली. दोन वर्षांत हे कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. सगळ्यांनी पाठीमागे विचारलं होतं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "आम्ही ठेवून पुढे जायचो. मागे काय झालं ते बघायला थांबायचं नाही, असं होतं. ठाऊक नाही, अम्मा. रोज विचार येतो."

चंद्रमौली म्हणाला, "ऐकलेंस? आतां तरी..."

सुब्बलक्ष्मीने हात वर केला. तिने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, कागद गुडघ्यावर घेतला आणि दुसऱ्या ओळीवर सही केली. सावकाश, एकेक अक्षर, कारण गेल्या चौदा वर्षांत तिला सही करायचा प्रसंग आला नव्हता. मग तिने अर्जावरची छापील ओळ बोटाने शोधली.

"सहाच महिने?"

"सहाच," पंकजा म्हणाली.

"मग?"

"मग परत सगळें. अर्ज, तपास, जामीन. पहिल्यापासून." पंकजाला आनंद व्हायला पाहिजे होता आणि होत नव्हता. "दर सहा महिन्यांस. मरेपर्यंत कीं काय, देवास ठाऊक."

सुब्बलक्ष्मीने कागदाची घडी घातली आणि तो भारतीच्या हातात दिला, पंकजाच्या नाही.

"तर ऐक, अक्का. पुढच्या वेळीं यांस पुसूं नको. सरळ स्वैंपाकघरांत ये."